कुफ्ल, कुलूप

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय :
इथे फक्त इंग्रजी.
त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने अरबीत लिहिलंय,
‘आणि उचकी लागली तर?’
मला ते वाचता येतं, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

सोहारचं तंत्रनिकेतन, सेक्शन चार,
सकाळचे आठ, बाहेर अडतीस अंश,
आत एसी असा की खल्फान दिशदाशावर जॅकेट चढवून बसतो.
एकवीस मुलं. वर्ष संपलं की रिफायनरीत जायची.
तोवर त्यांच्या जिभेवर
आयसोलेट, प्रेशर, रिलीफ, हॅझर्ड बसवायचं
एवढ्यासाठी मला इचलकरंजीहून इथे आणलंय.

आज बारावा धडा. ब्लीड द लाइन.
हमूद हात वर करतो : मिस, पाइपला रक्त येतं?
वर्ग हसतो. मीही.
मग मी पाइप काढते फळ्यावर, बाण काढते,
रिलीज द ट्रॅप्ड प्रेशर, म्हणते सावकाश,
मग आणखी सावकाश,
जणू सावकाश बोललं की इंग्रजीचं अरबी होतं.
एकवीस चेहरे. सभ्य आणि कोरे.

मी दाराकडे बघून घेते.
मग हळूच : दग्त. आत अडकलाय. लाझिम यित्ला.
माझी अरबी भाजीबाजारात शिकलेली,
काकडी-लिंबांच्या भावातून वर आलेली,
मी बाप्यांनाही बाईसारखं ‘उघड’ म्हणते.
ते दुरुस्त करतात, हसू दाबून,
आणि तेवढी दोन मिनिटं
माझ्या वर्गात सगळ्यात कच्ची मीच असते.
मागून खल्फान तोच अर्थ बलुचीत पुढे सरकवतो,
रशादच्या घरी स्वाहिली, तो ओठांतल्या ओठांत काही जुळवतो,
शब्द बाकांवरून जातो
तव्यावरची भाकरी जाते तसा, या हातातून त्या हातात,
चटके देत.

मी लिहिते : लॉक.
ते म्हणतात : कुफ्ल.
मार्कर तिथेच राहतो.
आमच्यात कुलूप म्हणतात, मी सांगून टाकते.
कुठल्या गलबतातून उतरला असेल हा आमच्या किनाऱ्यावर,
वाटेत अक्षरं उलटीपालटी झालेला.
किल्ली बहुतेक इकडेच राहिली.

दुपारी वर्कशॉप.
रशादने टॅग न बघता व्हॉल्व्हवर हात ठेवला,
गेजचा काटा अजून चाळीसवर.
मला स्टॉप येतं. मला वक्कफ येतं.
तोंडातून निघालं : अरे थांब!
आणि तो थांबला.
हात हवेत, तसाच.
काटा मागे यायला किती वेळ लागला, मोजला नाही.
नेमके तेव्हा डॉ. लुत्फी दाराशी उभे, निरीक्षणाचा फॉर्म घेऊन.

फॉर्मवर रकाना आहे : इंग्रजीव्यतिरिक्त भाषा, टक्के.
ते पेन टेकवून राहिले.
लुत्फी ट्युनिसचे.
बोट दारात सापडलं तर फ्रेंचमध्ये ओरडतात,
हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे.
‘मॅडम, आत्ताची ती कुठली?’
माझी, म्हटलं.
त्यांनी काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं नाही.

आज पेपर तपासतेय.
प्रश्न सहा : व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वीच्या पायऱ्या लिहा.
हमूदने लिहिलंय : आयसोलेट. लॉक. टॅग. ब्लीड.
आणि शेवटी, रोमन लिपीत, ठसठशीत,
टी, एच, ए, ए, एम, बी.

लाल पेनाचं टोपण कधीचं काढून ठेवलंय.
बरोबर द्यावं का.
अक्षरं तर इंग्रजीच आहेत.